हाताने तोडलेली स्ट्रॉबेरी : पाचगणीचं शेत आणि आपलं वेर्ले

कुळागरातली

नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत आम्ही गोव्यातल्या साखळीहून पाचगणीला जाऊन आलो. मी, हे, सासूबाई आणि सात वर्षांची लेक. तिच्या पुस्तकात स्ट्रॉबेरीचं चित्र आहे आणि तिला ती "झाडावरची" बघायची होती. पहाटे चारला निघालो. केरी, चोर्ला, जांबोटी करत बेळगावला उजाडलं, कोल्हापुरात मिसळ खाल्ली, पाचवड फाट्यावरून वाईला आत वळलो आणि पसरणीचा घाट चढून दुपारी दीडच्या सुमारास पाचगणी. प्रवासाचं एवढंच, कारण मला लिहायचंय ते शेताबद्दल.

त्याच दुपारी रस्त्याला लागून एक शेत दिसलं. "स्वतः तोडा" असा मोठा फलक. माणशी शंभर रुपये देऊन आत गेलो. ओळीच्या ओळी, पण सगळीकडे हिरवी फळं आणि पांढरी फुलं. लाल फळ म्हणून लेकीला वीस मिनिटांत चार मिळाली. निघताना दारातच एक किलोची डबी गळ्यात मारली. हॉटेलवर उघडली तर वरचा थर लालभडक आणि खाली सगळी अर्धी पांढरी फळं. लेक काही बोलली नाही. घरून आणलेली वेताची परडी तिने गाडीत मागच्या सीटवर उलटी टाकून दिली. मला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या रखवालदार काकांनी सांगितलं, "रस्त्यावरचं शेत नको, भिलारच्या बाजूला आत जा, आणि सकाळी जा." साडेसातला पोचलो. धुकं होतं. काळ्या प्लास्टिकच्या गादीवाफ्यांवर दवाचे थेंब तसेच थांबलेले. शेतात एक काकू आणि त्यांची सून फळं काढत होत्या. आम्ही विचारलं तर म्हणाल्या, "या की, पण बांधानं या, गादीवर पाय नको."

मग त्या काकूंनी लेकीचा अंगठा हातात धरला. फळाला हात न लावता त्याच्या वरच्या देठावर, बोटभर अंतर ठेवून, नख टेकवलं आणि देठ किंचित वाकवून खुडला. टक् असा बारीक आवाज आला. "फळ ओढायचं नाही गं, बाळ. ओढलंस तर शेजारची कच्ची भावंडंसुद्धा येतील." खरंच त्या एकाच देठावर पुढे तीन हिरवी फळं आणि एक फूल होतं. नंतर तासभर लेक एकेका फळाची मान तपासत होती. पानाखालच्या खांद्यापर्यंत लाल असेल तरच तोडायचं, खांदा पांढरा असेल तर तिथेच सोडायचं, असं त्यांनी शिकवलं होतं. सासूबाईंनी पहिलं फळ तोंडात घातलं आणि डोळे मिटून म्हणाल्या, "हे ऊन्ह लागलेलं फळ आहे." आमच्याकडे झाडावर पिकलेल्या मानकुराद आंब्याबद्दल त्या हेच म्हणतात.

दोन किलो झाली. काकूंनी वजन केलं आणि वर मूठभर घातली.

आता मला विचारायचंय. एक, ही फळं गोव्यापर्यंत नीट आणायची कशी? आमची अर्धी बेळगावपर्यंतच पाणी सुटून गेली. दोन, सांगे तालुक्यात वेर्ल्याला स्ट्रॉबेरी होते असं ऐकते. तिथे कोणी जाऊन आलंय का?

---

सुरंगी

किती सुंदर लिहिलंस गं! परडीचं वाचून गलबलून आलं. बरं झालं दुसऱ्या दिवशी ती भरली.

आमचीही एक फेरी झाली होती, पण आम्ही फळं तोडली नाहीत, नुसती क्रीम घालून खाल्ली आणि परत आलो. आता वाटतंय काहीतरी राहूनच गेलं. सासूबाईंना वाकून चालायला जमलं का? माझ्या आईचे गुडघे दुखतात, म्हणून विचारते.

---

कुळागरातली

सुरंगी, त्या बांधावर एका उलट्या क्रेटवर बसल्या होत्या. काकूंच्या सुनेनेच आणून दिला. तिथून हात पोचेल तेवढी त्यांनी तोडली. गादीवाफे गुडघ्याच्या खालीच येतात, त्यामुळे उभ्याने जमत नाही. आईंना एखादं छोटं स्टूल घेऊन जा.

---

कृष्णाकाठची

हा धागा वाचून राहवलं नाही, म्हणून पहिल्यांदाच लिहिते. माझं माहेर भिलारजवळचं. लग्न होऊन मडगावला आले त्याला बारा वर्षं झाली. भिलार आता २०१७ पासून "पुस्तकांचं गाव" म्हणून सगळ्यांना माहीत आहे, पण आमच्या लहानपणी ते स्ट्रॉबेरीचं गाव होतं आणि अजूनही आहे. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले होते.

पहिल्या शेतात लाल फळ का मिळालं नाही ते सांगते. व्यापाऱ्याकडे जाणारा माल भल्या सकाळी निघतो. घरातल्या बायका उजाडायच्या आत शेतात असतात आणि दहाच्या आत तोडा संपतो, कारण ऊन चढलं की फळ मऊ पडतं. एका ओळीत दोन-तीन दिवसांनी तोडा येतो. तुम्ही दुपारी गेलात आणि त्याच दिवशी तोडा झालेला असेल, तर ओळीत हिरवंच राहणार. म्हणून शेतावर गेल्या गेल्या विचारायचं, "आज तोडा झालाय का? कुठल्या ओळी राहिल्यात?" प्रामाणिक शेतकरी असेल तर सांगतो, "आज नका, उद्या सकाळी या." ज्याने तोडा झालेला असूनही पैसे घेतले त्याने चूक केली. अशा एकामुळे बाकीच्या सगळ्यांचं नाव जातं, याचं मला वाईट वाटतं.

आणि ते देठाचं काकूंनी अगदी बरोबर शिकवलं. फुलापासून लाल फळ व्हायला साधारण महिना लागतो. एका हिसक्यात तीन कच्ची फळं आली, की त्या घराचा पुढच्या तोड्याचा माल गेला. सुट्टीच्या दिवशी शंभर माणसं शेतात येतात. माझे बाबा संध्याकाळी ओळीतून फिरायचे आणि खाली पडलेली हिरवी फळं टोपीत गोळा करून आणायचे. काही बोलायचे नाहीत, फक्त टोपी ओट्यावर रिकामी करायचे.

सप्टेंबर-ऑक्टोबरात लागवड, त्याआधी रनरची, म्हणजे आईरोपाच्या सरपटणाऱ्या फांद्यांची रोपं तयार करणं, गादीवाफे, ठिबक, वर मल्चिंग पेपर, म्हणजे ते काळं प्लास्टिक. एवढं सगळं झाल्यावर नोव्हेंबरअखेर पहिली फळं दिसतात. खरा बहर डिसेंबर ते मार्च. पाऊस आला की सगळं संपतं. आमच्याकडे पाऊस असा, की दार उघडलं तर घरात ढग येतो.

---

म्हादईकाठ

चांगली चर्चा आहे, पण एक प्रश्न स्पष्टपणे विचारतो. काम आपण करायचं, वाकून पाठ आपण मोडून घ्यायची, आणि भाव बाजारापेक्षा जास्त द्यायचा? शिवाय प्रवेश फी वेगळी. मला हे पटत नाही. फळ विकत घ्यायचं असेल तर सरळ डबी घ्यावी.

---

कृष्णाकाठची

दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे. बाहेरून तसंच दिसतं.

पण हिशेब असा आहे. आमच्या शेतात एक सवयीची बाई एका तासात जेवढं फळ काढते तेवढं काढायला पाहुण्यांच्या घराला सकाळभर लागते. त्यातलं काही तोंडात जातं, ते जावंच, त्यासाठीच तर येतात. काही पायाखाली जातं. गादीवर पाय पडला की प्लास्टिक फाटतं आणि तिथून गवत वर येतं. ठिबकची नळी सरकली की पुढची दहा रोपं तहानलेली राहतात. घरातलं एक माणूस दिवसभर पाहुण्यांबरोबर उभं राहतं. फी या सगळ्याची असते.

तरी ज्यांनी फी घेऊन वर डबी घ्यायची सक्ती केली त्यांची बाजू मी घेणार नाही. फी घेतली तर तोडलेल्या मालाच्या बिलात ती वळती करावी, असं आमच्याकडे बरेचजण करतात. आधी विचारून घ्यावं: फी वळती होते का, किलोचा भाव काय, आणि शेतात खाल्लेलं चालतं का. तीन प्रश्न दारातच विचारले की पुढे कुणाचं मन दुखत नाही.

---

म्हादईकाठ

ताई, पटलं. टोपीतल्या हिरव्या फळांचं वाचून मी गप्प झालो. फी वळती होते का हे विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

---

स्विंडनकर

मी मूळचा डिचोलीचा, आता दहा वर्षं इंग्लंडमध्ये. इथे ही पद्धत जुनी आहे आणि जून-जुलैत शनिवार-रविवारी घरंच्या घरं शेतावर जातात. दारात रिकामी टोपली देतात, काही ठिकाणी टोपलीचं वजन आधीच करून घेतात. कुठल्या ओळीत तोडायचं ते झेंडी लावून ठरवलेलं असतं, म्हणजे कालची तोडलेली ओळ आणि आजची ओळ यांची गल्लत होत नाही. ही एक गोष्ट आपल्याकडे सहज करता येईल. लाल कापडाची एक पट्टी पुरे. मग "तोडा झालाय का" हे पाहुण्याला विचारावंच लागणार नाही.

वाकडी, दोन शेंडी असलेली, एका बाजूने चेपलेली फळं लोक टाकून देतात. इथल्या एका शेतकऱ्याने मला त्याचं कारण दाखवलं होतं. फळावर जे पिवळे बारीक दाणे दिसतात, तेच खरं तर वनस्पतीशास्त्राच्या हिशेबाने एकेक फळ. एका स्ट्रॉबेरीवर असे सुमारे दोनशे असतात. ज्या दाण्याला परागकण मिळतो त्याच्याभोवतीचा गर फुगतो, ज्याला मिळत नाही तिथे गर खपलीसारखा आत राहतो. म्हणजे वाकडं फळ हे किडलेलं नसतं, त्या दिवशी मधमाशी त्या बाजूला फिरकली नाही एवढंच. चवीला ते तितकंच गोड. मुलांना हे दाखवा, ती वाकडी फळं शोधत सुटतात.

आमची आजी स्ट्रॉबेरीला "मोरांग" म्हणायची, पोर्तुगीज शब्दावरून. तिने आयुष्यात दोन-तीनदाच खाल्ली असेल.

---

कृष्णाकाठची

दादा, मधमाशीचं अगदी खरं. आमच्या तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये "मधाचं गाव" म्हणून जाहीर झालं. स्ट्रॉबेरी आणि मध आमच्याकडे एकमेकांना धरून आहेत. फुलोऱ्यात फवारणी करायची तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी, असं बाबा सांगायचे.

झेंडीची कल्पना भावाला फोन करून सांगते.

---

सुरंगी

फवारणीचा विषय निघाला म्हणून विचारते. शेतात तोडून लगेच तोंडात घालायची भीती वाटते. माझ्या धाकट्याला अंगावर पित्त उठतं.

---

कृष्णाकाठची

ताई, भीती बरोबर आहे. दारातच विचारायचं, "शेवटची फवारणी कधी झाली?" औषधाच्या बाटलीवर फवारणीनंतर किती दिवस तोडायचं नाही ते लिहिलेलं असतं आणि चांगला शेतकरी ते पाळतो. बाटलीभर पाणी बरोबर न्या, फळ धुऊन मगच मुलाला द्या. धुताना वरची हिरवी टोपी काढू नका. ती काढली की पाणी आत शिरतं आणि चव पातळ होते. ज्याला पित्त उठतं त्याला पहिल्यांदा एकच फळ द्या आणि वाट बघा. काही जणांना स्ट्रॉबेरी सोसत नाही, आणि डॉक्टरांना आधी विचारलेलं कधीही चांगलं.

कुळागरातली, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. आंबा अढीत पिकतो, केळीचा घड टांगून ठेवला की पिकतो. स्ट्रॉबेरीचं तसं नाही. ती तोडली तिथेच तिचं पिकणं संपतं. पुढे रंग थोडा चढेल, गोडी चढणार नाही. त्यामुळे "वाटेत पिकतील" म्हणून पांढऱ्या खांद्याची तोडू नकोस. पूर्ण लाल पण टणक अशीच घे. देठ राहू दे, धुऊ नकोस, पसरट खोक्यात कागदावर एकच थर लाव. दबलेलं एक जरी फळ आत राहिलं तरी रात्रीत बुरशी शेजारच्यांना धरते, म्हणून वाटेत एकदा उघडून बघ. खोकं डिकीत ठेवायचं नाही, पुढे पायाशी, एसीच्या वाऱ्यावर. आणि तोडणी निघायच्या दिवशी सकाळी करायची. आदल्या दिवशी नाही.

---

कुळागरातली

आमचं सगळंच उलटं झालं होतं! धुऊन, पिशवीत, डिकीत.

जी मऊ पडली त्यांचा सासूबाईंनी मुरांबा केला. नुसत्या साखरेवर धरेना, पातळच राहिला. मग त्यांनी दोन लिंबं पिळली आणि तासाभरात चमच्यावर थबकायला लागला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, स्ट्रॉबेरीत घट्टपणा आणणारं पेक्टिन मुळात कमी, लिंबाच्या आंबटपणाने ते धरतं. पोळीबरोबर चार दिवसांत एक बरणी संपली.

वेर्ल्याचं कोणी सांगेल का?

---

वायंगण

उशिरा आलो, माफी असावी. मी केप्याचा. नोकरीतून निवृत्त झालो आणि आता थोडी भातशेती, थोडं पोरसू, म्हणजे परसबाग. गेल्या फेब्रुवारीत पहिल्या आठवड्यात मी वेर्ल्याला गेलो होतो.

वेर्ले, तुडव, साळजिणी ही नेत्रावळी अभयारण्यातली गावं. सांगे किंवा रिवणवरून नेत्रावळीला यायचं आणि पुढे घाट चढायचा. अभयारण्य २११ चौरस किलोमीटरचं आहे, १९९९ साली जाहीर झालं. गावं त्याच्या कितीतरी आधीची आहेत. वर पोचल्यावर गाडीची काच खाली केली आणि हवाच वेगळी लागली. किनाऱ्यावर रात्रीसुद्धा घाम येतो, तिथे फेब्रुवारीत सकाळी दहालाही मला स्वेटर काढावासा वाटला नाही. स्ट्रॉबेरीला लहान दिवस आणि गार रात्र लागते, तेव्हाच ती फुलावर येते. म्हणून ती पणजीत होत नाही आणि वेर्ल्याला होते.

महाबळेश्वरसारखे डोंगर उतारभर पसरलेले मळे डोळ्यांसमोर ठेवून जाऊ नका. इथे लहान लहान तुकडे आहेत. घराच्या मागे, भाताचं पीक निघालेल्या शेतात, एका बाजूला मिरची, एका बाजूला अळसांदे (चवळी), मध्ये आठ-दहा गादीवाफे. मी गेलो त्या घरी नवरा-बायको दोघं होती. मी तोडू का विचारलं तर बाईंनी आधी मला बसवलं, पाणी आणि गुळाचा खडा दिला, मगच शेतात नेलं. फळं पाचगणीपेक्षा लहान, रंगाने गडद, आणि वास असा की हाताला दुपारपर्यंत होता.

मी अर्धा किलो तोडली. जास्त तोडायला मन झालं नाही. त्या दिवशी शेतात पिकलेली सगळी मिळून चार-पाच किलो असतील, आणि बाईंनी सांगितलं की दुपारी मडगावहून एक कुटुंब येणार आहे, त्यांच्यासाठी ठेवायचीत. मला वाटतं इथे जाणाऱ्याने हेच लक्षात ठेवावं. वेर्ल्याला पाच गाड्या एकदम गेल्या तर शेत एका तासात रिकामं होतं आणि सहावी गाडी चिडून परत येते. आधी फोन करून, वेळ ठरवून जा. वर मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, त्यामुळे खाली नेत्रावळीत असतानाच बोलून घ्या. आणि भावात घासाघीस नको. रोपं बाहेरून आणावी लागतात, गवे-रानडुकरांपासून राखावी लागतात. ती माणसं रात्री शेतात झोपतात.

प्लास्टिक खाली परत आणा. ते अभयारण्य आहे.

उतरताना नेत्रावळीच्या गोपीनाथ देवळाची बुडबुड्यांची तळी जरूर बघा. पायऱ्यांवर शांत बसलात तर तळातून बुडबुड्यांच्या माळा वर येताना दिसतात. लेकीला आवडेल.

---

म्हादईकाठ

बाबा, तुम्ही हे लिहिलंत फार बरं केलंत. आपल्याच गोव्यात हे आहे आणि आम्ही आठ तास गाडी चालवतो.

---

वायंगण

पाचगणीलाही जावं. तिथल्या बायकांच्या हाताला जी सवय आहे ती पिढ्यांची आहे, ती बघण्यासारखी आहे. वेर्ल्याला ती सवय आत्ता लागतेय. त्या बाईंनी मला विचारलं होतं, "पाचगणीक देठ कसो कापतात?" मला नीट सांगता आलं नाही.

---

कुळागरातली

वायंगण काका, मला आता सांगता येईल, आणि माझ्या लेकीला तर माझ्यापेक्षा चांगलं.

परवा शाळेतून आल्यावर तिने परडी धुऊन उन्हात ठेवलीय. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी जायचं ठरवलंय, पहाटे निघून आठपर्यंत वर. त्या घरचा नंबर इथे लिहू नका, मला खाजगी निरोपात पाठवा. मी आधी फोन करून किती पिकलीत ते विचारते. थोडीच असतील तर पुढच्या आठवड्यात जाऊ. स्विंडनकरांनी सांगितलेल्या लाल पट्ट्या सासूबाई जुन्या साडीच्या फाडून देणार आहेत, दहा-बारा होतील.

गाडीत दोन जागा आहेत. सुरंगी, तू आणि आई येता का? स्टूल मी घेते.

---

सुरंगी

येतो. पाणी आणि पोळ्या माझ्याकडे. मुरांब्याची बरणी उरली असेल तर तेवढी आण.